समुद्रही बाहेर गेला होता

ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं की नोकरी असावी तर अशी, पगारही मिळतो आणि देशही फिरून होतो, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मी हात लावणार नाही. फक्त माझी बॅग त्याच्या खांद्याला अडकवीन आणि म्हणेन, फीर बाबा. त्या बॅगेचं वजन दीड टन आहे. खोटं वाटत असेल तर पुणे स्टेशनच्या जिन्याला विचारा. त्याच्या तिसऱ्या पायरीला गेलेला तडा माझा आहे.

मी काय करतो ते आधी सांगतो, कारण लोक भलतंच समजतात. इंजिनाचे सुटे भाग कारखान्यात कापून-तासून झाले की तेलाने माखलेले असतात. ते धुवायला एक मशीन लागतं, एसटीच्या गाडीएवढं. आमची कंपनी चाकणला ही मशीनं बनवते, देशभर विकते, आणि ती जिथे जिथे बंद पडतात तिथे तिथे मला पाठवते. सासरी अजून मला ‘वॉशिंग मशीनवाले जावई’ म्हणतात आणि दर दिवाळीला आपलं घरचं मशीन दाखवतात. मी ते दुरुस्त करून देतो. भांडण्यापेक्षा ते सोपं पडतं.

सोळा वर्षांत मी अठरा राज्यं केली. म्हणजे अठरा राज्यांतले पत्र्याची शेडं आतून पाहिली. ती सगळी एकाच आईची लेकरं आहेत. तीच फरशीवरची पिवळी पट्टी, तोच सुरक्षेचा फलक, तोच मशीनचा चहा, ज्यात दूध आणि साबण यांच्यातलं नेमकं काय आहे ते ठरत नाही. एकदा हरियाणात तीन दिवसांनी शेडबाहेर पडलो आणि समोरच्या रिक्षावाल्याला सरळ पुण्यातल्या घरचा पत्ता सांगितला, ‘पिंपळे गुरव.’ तो म्हणाला, ‘बैठो.’ दोन किलोमीटर गेल्यावर त्याने मागे वळून विचारलं, ‘ये है किधर?’ तेव्हा कुठे आम्हा दोघांनाही चूक कळली.

आणि इकडे घरचे. चाकणजवळ निघोज्याला माझे चुलते असतात. त्यांचं शेत होतं तिथे आता कारखान्याची भिंत आहे. ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवतात.

‘फुकाट देस फिरतोय आमचा गडी. आमी हितं भिताडाकडं बघत बसायचं, आन ह्यो आज आग्र्याला, उद्या मद्रासला.’

‘कामाला जातो हो मी.’

‘व्हय व्हय. कामालाच. जातोच हायेस तर येताना पेठा घिऊन ये.’

जातोच आहेस तर. या तीन शब्दांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लं. जातोच आहेस तर साडी आण, जातोच आहेस तर शाल आण, जातोच आहेस तर तिकडे आपल्या ओळखीचे एक राहतात, त्यांच्याकडे डोकावून ये. आग्र्याजवळ मी चार वेळा गेलो. चारही वेळा पेठा पिंपरी कॅम्पातून घेतला, परत आल्यावर. चुलते तुकडा तोंडात टाकून डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘तितल्या पान्याची चवच न्यारी.’

उरलेलं अर्धं आयुष्य दुसऱ्या तीन शब्दांनी खाल्लं. साहेब बाहेर गेलेत. ते कारखान्यात ऐकायला मिळतात, बहुधा हिंदीतून. त्याची रीत समजून घ्या, कारण माझा सगळा संताप तिथे आहे. मशीन चालू झालं की मी सर्व्हिस रिपोर्ट लिहितो. त्यावर तिथल्या मेंटेनन्स मॅनेजरची सही आणि शिक्का लागतो. सही झाली की गेट पास, गेट पास असला तरच गेटबाहेर. त्यामुळे मशीन सुरू झाल्याबरोबर मॅनेजर गायब होतो. त्याला ठाऊक असतं की सही होईपर्यंत हा माणूस त्याचा आहे, फुकटातला. मग निरोप येतो: ‘साहब बाहर गये हैं. आप आये ही हो तो वो दूसरा मशीन भी देख लो.’ दुसरं मशीन आमच्या कंपनीचं नसतं. तिसरं तर मशीनच नसतं. एका ठिकाणी मी कँटीनचा पंखा दुरुस्त केला आहे, एका ठिकाणी मॅनेजरच्या स्कूटरचं कार्ब्युरेटर, आणि कर्नाटकात एकदा एक लग्न जमवून दिलं आहे, त्याशिवाय शिक्काच मिळेना.

तेवढ्यात दोन दिवसांचे चार होतात, परतीचं तिकीट बदलतं, आणि जे काही बघायचं म्हणून मनात असतं ते खिडकीबाहेरून मागे पळताना दिसतं.

फोटो? फोटोचं तर नावच काढू नका. प्रत्येक गेटवर पहिलं काम म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. पुढच्या, मागच्या. जिथे जास्त कडक तिथे फोनच काढून घेतात आणि लॉकरमध्ये ठेवतात. माझ्या फोनच्या कव्हरवर स्टिकरांचे इतके थर आहेत की फोन त्यामुळे जाड झाला आहे. सोळा वर्षं फिरतीची नोकरी, आणि माझे फिरतीतले फोटो किती? एकही नाही.

आता यातून जी चूक झाली ती माझीच. मुलगी चार वर्षांची असताना एकदा गावाहून आलो. तिने बॅगेवर चढून विचारलं, ‘बाबा, काय पाहिलंस?’ मी खरं सांगितलं. ‘शेड.’ तिचा चेहरा असा पडला की पुन्हा उचलायला मला जॅक लावावा लागला असता. पुढच्या वेळी मी म्हणालो, ‘उंट पाहिला.’ मग उंट कंपनीच्या बसमध्ये चढला. मग त्याने शेवटची सीट धरली. केरळात एका हत्तीने गेटवर सोंडेने माझ्या रिपोर्टवर सही केली, मॅनेजर हजर नव्हता म्हणून. हिमाचलात मशीनमधून पाण्याऐवजी बर्फ पडला आणि आम्ही बर्फाच्या गोळ्यांची लढाई खेळलो. ताजमहाल तर मी एका कारखान्याच्या चिमणीवर चढून पाहिला, वरच्या बाजूने, जसा कोणीच पाहिलेला नाही. तिने सगळं साठवून ठेवलं. मला वाटलं, मोठी होईल तशी विसरेल. ती मोठी झाली आणि तिने ते वर्गात सांगायला सुरुवात केली.

ती पाचवीत आहे. एका सोमवारी तिने दप्तरातून छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शाळेत आठवडाभर करिअरची माहिती चालली होती आणि त्या आठवड्याचा विषय होता: फिरता फिरता कमाई. खाली यादी. पायलट, हवाईसुंदरी, जहाजावरचे अधिकारी, गाइड, आणि सातव्या नंबरला, मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, सर्व्हिस इंजिनिअर. ज्याने ही यादी केली त्यालाही त्या पहिल्या माणसाशेजारी उभा करा. बॅग दोघांना मिळून उचलू दे.

‘शनिवारी तुला बोलायचंय,’ ती म्हणाली. ‘पाच मिनिटं. आणि एक फोटो आणायचा, कामाला गेला होतास तिकडचा.’

‘फोटो कशाला?’

‘वर्गात एक मुलगी आहे. ती म्हणते उंट बसमध्ये चढत नाही. ती म्हणते तुझे बाबा थापा मारतात आणि तूपण. मी म्हटलं, शनिवारी फोटो दाखवते. सगळ्यांसमोर म्हटलं.’

ती आत गेल्यावर बायको ओट्याजवळून म्हणाली, ‘अहो, आता खरं सांगून टाका तिला. आत्ताच.’

‘एकच फोटो पाहिजे ना. चार दिवस आहेत. आणतो.’

‘उंटाचा?’

‘कशाचाही. एकदा फोटो दिसला की बाकीचं मागे लपतं.’

कढईत तिचं उलथनं जरा जोरात फिरलं.

नशीब बघा, त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन. ‘राव, गुजरातेत जायचंय. पंप बसलाय. दोन दिवसांचं काम.’ आमच्या कंपनीत सगळी कामं दोन दिवसांचीच असतात. मी पत्ता नकाशावर टाकला. खंबातच्या आखाताच्या काठावर कारखान्यांची वसाहत, आणि शेडपासून समुद्र तीन किलोमीटर. समुद्र काही आम्ही नवा पाहणार नव्हतो, अलिबागला दर दोन वर्षांनी जातोच. पण माझ्या मागे समुद्र, अंगावर कंपनीचा शर्ट, हातात पाना, असा एक फोटो मिळाला तर माझी पोर वर्गात ताठ मानेने उभी राहणार होती. सोळा वर्षांत मी पहिल्यांदा उत्साहाने बॅग भरली.

मंगळवारी गेलो. गेटवर फोन काढून घेतला, लॉकरमध्ये ठेवला, हातात बिल्ला दिला. बुधवारी दुपारपर्यंत पंप चालू केला. पाणी असं जोरात मारू लागला की पलीकडच्या शेडमधले लोक छत्र्या घेऊन आले. रिपोर्ट लिहिला आणि मॅनेजरला शोधायला गेलो.

‘साहब बाहर गये हैं,’ त्याचा माणूस म्हणाला. ‘आप आये ही हो तो...’

बुधवारची संध्याकाळ एका कन्व्हेयरमध्ये गेली. गुरुवार एका भट्टीत गेला. मी भट्टीत गेलो असं म्हटलं तरी चालेल. शुक्रवारी सकाळी मी ठरवलं की बस्स. मॅनेजरच्या केबिनसमोर खुर्ची टाकली, अगदी निघोज्याच्या चुलत्यांसारखी, आणि बसलो. साडेअकराला तो आला आणि मला बघून खिशातला फोन कानाला लावू लागला.

मी म्हणालो, ‘साहेब, तुमच्या पोरीच्या वर्गात तुम्हाला कधी खोटारडं ठरवलंय?’

मराठीतच म्हणालो. हिंदी सुचलीच नाही. त्याला काय कळलं देवाला ठाऊक, पण त्याने फोन खाली ठेवला आणि सही केली. शिक्का मी स्वतःच त्याच्या टेबलावरून उचलून मारला. तीनदा.

गेटवर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. दीड वाजता स्टेशनला नेणारी गाडी येणार होती. दीड तास, समुद्र तीन किलोमीटर. बिल्ला पुढे केला.

‘लॉकर की चाबी सुपरवायझर के पास है,’ गार्ड म्हणाला. ‘खाना खाने गया है.’

‘कधी येणार?’

‘एक बजे.’

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो म्हातारा होता, भला होता, त्याने ऐकून घेतलं आणि आपली सायकल पुढे केली. म्हणाला, फोन नाही तर नाही, समुद्र तर बघून या. मीही विचार केला, गेलो नाही तर तासभर लॉकरकडे बघत बसायचं. ते तर आयुष्यभर केलंय. बॅग त्याच्याजवळ ठेवली, पायात सेफ्टी शूज तसेच, आणि सायकल हाणली.

रस्ता संपला. एक बांध होता. बांधावर चहाची टपरी होती. आणि बांधापलीकडे काही नव्हतं.

मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे, हे माझ्या घरचे, शेजारचे आणि सासरचे सांगतील. म्हणून इथे हात जोडून सांगतो, यात एक अक्षर वाढवलेलं नाही. समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत करडा, ओला चिखल. दोन होड्या त्या चिखलात बसलेल्या म्हशींसारख्या कलंडल्या होत्या. पार टोकाला एक चकाकती रेघ होती, ती पाणी असेल किंवा उन्हाचा भास.

मी टपरीवाल्याला विचारलं, ‘समुंदर?’

‘अभी गया है,’ तो म्हणाला. ‘शाम को आयेगा. शाम को आना.’

साहेब बाहेर गेलेत. सोळा वर्षं मॅनेजर बाहेर गेलेत, किल्लीवाले बाहेर गेलेत, आणि आता समुद्रही. माझ्या डोक्यात असं काही गेलं की मी बांधावरून खाली उतरलो. म्हटलं, तू येत नाहीस तर मी येतो. वीस पावलं गेलो. घोट्यापर्यंत. चाळीस पावलं. नडगीपर्यंत. रेघ तिथेच. साठाव्या पावलाला दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत गेले आणि बाहेर येईनात. टपरीवाल्याने लांब बांबू पुढे केला, ‘साहब, पानी देखके नहीं, टाइम देखके आते हैं,’ असं काहीसं म्हणाला, आणि मला मुळ्यासारखा उपटून काढला.

एक वाजून गेल्यावर फोन मिळाला. त्यावर स्टिकर होतं. काढावंसंही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी मी शाळेत गेलो. पहाटे घरी पोचलो तेव्हा मुलगी उठून बसली होती, तिने ‘फोटो?’ एवढंच विचारलं. मी म्हणालो, ‘समुद्र निघून गेला होता.’ तिने माझ्याकडे बघितलं आणि वेणी घालायला आईकडे गेली.

वर्गात माझ्या आधी एका मुलाचा मामा बोलला. जहाजावर असतो. त्याच्याकडे फोटोच फोटो. मामाच्या मागे बर्फ, मामाच्या मागे देवमासा, मामाच्या मागे मामापेक्षा उंच लाट. मग बाईंनी माझं नाव पुकारलं. मुलगी तिसऱ्या बाकावर होती आणि कंपासपेटी उघडत-मिटत होती.

‘फोटो आणलाय ना?’ बाई म्हणाल्या.

‘नाही,’ मी म्हणालो, आणि आखाताची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. पंप, मॅनेजर, लॉकर, सायकल, चिखल. समुद्र निघून गेला होता म्हटल्याबरोबर वर्ग खदखदून हसला. दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. तीच असणार.

‘काका, समुद्र कसा जाईल? त्याला काय हिंजवडीला ड्युटी असते का?’

पुन्हा हसू. हत्तीची सही या वर्गाने गिळली होती, आणि आयुष्यात एकदा खरं बोललो तर हे. तेवढ्यात माझी मुलगी उठली.

‘आमच्या गॅलरीत बूट आहेत,’ ती त्या मुलीला म्हणाली. ‘आतपर्यंत चिखल भरलाय. आईने सकाळपासून दोनदा धुतले, तरी मासळीचा वास जात नाही. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पाहिजे तर मधल्या सुट्टीत चल दाखवते.’

बाईंनी भिंतीवरच्या नकाशात आखातावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या की तिथे ओहोटीला पाणी खरंच मैलभर मागे जातं. मुलगी बसली. तिची मान, मी सांगतो, वीतभर लांब झाली होती.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन वेण्या अजून उभ्या होत्या.

‘मग उंटाचं?’

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी माझ्या मुलीकडे बघितलं. नुकतीच ती माझ्यासाठी उभी राहिली होती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बूट घेऊन. ‘उंटाचंपण खरं’ म्हटलं असतं तर ती पुन्हा उभी राहिली असती, आणि या वेळी तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

‘उंटाचं खोटं,’ मी म्हणालो.

‘हत्तीचं?’ मागून कोणीतरी.

‘हत्तीचंपण.’

‘बर्फाचं?’

‘तेही. ताजमहालही मी पाहिलेला नाही. चार वेळा जवळून गेलो.’

पोरं चिडली नाहीत, हिरमुसली. त्यापेक्षा चिडली असती तर बरं. मुलीने मान खाली घातली ती घातलीच. मग मी त्यांना सांगत सुटलो. स्टिकर, शिक्का, आये ही हो तो. फोन काढून कव्हरचे थर दाखवले. पाच मिनिटांची वीस झाली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मी बघितलं नाही. शेवटी त्या दोन वेण्यांनी विचारलं, ‘पण काका, काम झाल्यावर ते तुम्हाला बाहेर का नाही सोडत?’

सोळा वर्षांत हा प्रश्न मला ना साहेबांनी विचारला, ना कंपनीतल्या कोणी. पाचवीतल्या पोरीने विचारला. मी म्हणालो, ‘माहीत नाही. विचारायला पाहिजे.’ घंटा झाली.

घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली होती, माझ्या शर्टाला न धरता, सीटच्या कडीला धरून. पिंपळे गुरवच्या वळणावर तिने विचारलं, ‘पेठा?’

‘पिंपरी कॅम्प.’

‘निघोज्याच्या आजोबांना माहितेय?’

‘नाही. सांगू नकोस. त्यांना आग्र्याची चव लागते त्यात.’

मग मागून शर्टाला हिसका बसला. धरला होता तिने.

सोमवारी मी साहेबांना विचारलं की सही झाल्यावर अर्धा दिवस सुट्टीचा धरायला काय हरकत आहे. साहेब म्हणाले, ‘राव, तू तर फिरतोसच की.’ मी रिपोर्टच्या नमुन्याखाली हाताने एक ओळ लिहायला लागलो आहे, काम किती वाजता संपलं आणि सही किती वाजता झाली. साहेबांना ते आवडत नाही. मी लिहितो.

परवा तमिळनाडूतून आलो. तिने बॅग उघडली, बूट हुंगले, कोरडे होते.

‘काय पाहिलंस?’

‘शेड.’

‘केवढं?’

‘चाकण चौकापासून निघोज्यापर्यंत.’

‘बाबा.’

‘बरं. तुमच्या शाळेच्या मैदानाच्या दुप्पट.’

तिने बूट खाली ठेवले आणि हाताची घडी घातली.

‘दीडपट,’ मी म्हणालो. ‘सव्वापट. यापेक्षा कमी होणार नाही, मी चालत मोजलंय.’